नंदीध्वजाच्या दिवशीचा सामना

मी भारताकडून फुटबॉल खेळलो, पण बचावपटू म्हणून. त्यामुळे सोलापुरात मला फारसं कुणी ओळखत नाही. पेपरात गोल करणाऱ्याचा चेहरा येतो, गोल अडवणाऱ्याची पाठ. त्याचं मला काही नाही. बूट काढल्यावर मॅनेजर झालो. बाहेरच्या संघांनी बोलावलं, हारतुरे घातले आणि हरल्यावर काढलं. हा धंदाच तसला आहे. शेवटी गावी येऊन जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, तेव्हा इथल्या एका क्लबनं संघ दिला. अध्यक्ष पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर, यंदा वरच्या लीगमध्ये न्या. न्हाय जमलं तर दुसरा बगतो." ते दुसरा बघतील, मला या वयात कोण बघणार होतं? ही नोकरी गेली की खेळ संपला, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शेवटचा सामना कोल्हापूरला होता. आम्हाला बरोबरीसुद्धा पुरणार होती. तारखेच्या बैठकीला मीच गेलो आणि नंदीबैलासारखी मान हलवून आलो. घरी बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, त्या दिवशी अक्षता हायत की!" सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता, यात्रेतला मोठा दिवस. सोलापूरचं शेंबडं पोरही तो विसरत नाही. बाहेर राहून राहून माझं डोकं पार गंजलं होतं. तारीख बदलून मागितली, ती मिळाली नाही.

बाकीचे खेळाडू कुरकुरत का होईना, तयार झाले. अडला तो आमचा स्टॉपर. बचावाच्या मधोमध उभा राहणारा, संघातला सगळ्यात भरवशाचा गडी. त्याच्या घरात नंदीध्वज पेलायचा मान. तो उंच, जड ध्वज मिरवणुकीत एकट्यानं तोलत न्यायचा. आजवर वडील नेत होते; यंदा त्यांचा गुडघा गेला होता.

"सर, तुमी जाऊ नको म्हनलात तर खेळायला येतो," तो म्हणाला.

असा संताप आला! पाप माझ्या पदरात टाकून हा मोकळा. "गाढवा, माझ्या तोंडानं कशाला वदवून घेतोस?" मी ओरडलो.

माझे वडील गेले तेव्हा मी भारताच्या शिबिरात होतो. तिथले मॅनेजर म्हणाले, सामना खेळून जा. वाईट माणूस नव्हता. सामना जिंकलो. भवानी पेठेतल्या घरी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं आणि अंगण सारवून वाळलं होतं.

"जा," मी स्टॉपरला म्हणालो. "आणि ध्वज कलंडला तर तंगडं मोडून ठेवीन."

कोल्हापूरला आम्ही हरलो. परतीच्या बसमध्येच अध्यक्षांचा फोन आला. "स्टॉपरला सुट्टी कुनी दिली?" न सांगता गायब झाला, एवढं म्हटलं असतं तर मी वाचलो असतो आणि त्याचं नाव संघातून कायमचं कटलं असतं. "मी दिली," म्हणालो. "मग तुमीबी आता सुट्टीच घ्या," ते म्हणाले. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. तरी फोन खिशात जाईना.

दोन दिवसांनी स्टॉपर तिळगूळ घेऊन घरी आला. ध्वज नीट नेला होता. खांदे मात्र दुखत होते. माझी नोकरी गेल्याचं त्याला कळलं होतं. तिळगूळ हातावर ठेवताना त्याचे डोळे भरून आले.

"सर, मी असतो तर जिंकलो असतो का ओ?"

"हॅट! स्वतःला कोण समजतोस?" मी म्हणालो. "तू असतास तरी हरलोच असतो."

तो हसला, पाया पडला आणि हलक्या पावलांनी जिना उतरला.

गोल एकच झाला होता. कॉर्नरवरून चेंडू उंच आला आणि बरोबर त्याच्या जागेवर पडला. त्यानं तो झोपेतसुद्धा डोक्यानं बाहेर काढला असता.