मास्तरांची पीडा

त्या रविवारी टोकियोत, तोयोसुच्या बागेत बाकावर आम्ही तिघंच होतो. मी, माझी सून मेघना, आणि शेजारच्या इमारतीतले मास्तर. मास्तरांसारखा माणूस अख्ख्या जपानात दुसरा नसेल, हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. साताऱ्याकडं जन्मभर इंग्रजी शिकवलं, बायको गेल्यावर लेकाकडं इथं आले, पण शाळा काही सुटली नाही. लिफ्टमध्ये भेटले तरी एखादा इंग्रजी शब्द देणार आणि वर म्हणणार, "वाक्यात उपयोग करा." कोंबिनी म्हणतात त्या कोपऱ्यावरच्या दुकानातली पोरगी वाकून नमस्कार करायची, तर तिलाही शब्द! ती हसून पिशवी पुढं करायची. मास्तर म्हणायचे, "हुशार आहे. लाजते फक्त."

मी चौथी शिकलेली, पण मलाही सुटका नव्हती. त्या दिवशीचा शब्द होता अफ्लिक्शन. मास्तर म्हणाले, "म्हणजे पीडा. आंधळेपणाला लागतो, संधिवाताला लागतो, गावात पटकी आली तर तिलाही. पायात काटा मोडला तर नाही. काटा काढता येतो. हं, वहिनी, करा वाक्य."

मी म्हटलं, "इथला कचरा. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा. नारळाची करवंटी कशात टाकायची कळेना, म्हणून अजून कपाटात ठेवलीय."

"ती कटकट. पुढं."

"गावाकडं खाणावळीत पोळ्या लाटून लाटून खांदा गेला."

"पोळ्या म्हणजे कष्ट. खांद्याला अर्धा मार्क."

मेघना म्हणाली, "आई, सोडू नका, पुरा मागा!"

"आमचे हे लुळे पडले. शेवटपर्यंत मीच उचलून बसवायची."

मास्तरांनी टोपी काढली. "पैकीच्या पैकी."

"नकोत तुमचे मार्क," मी म्हटलं. "पडल्या पडल्या का होईना, ते माझ्याशी बोलायचे. आमटीत मीठ कमी म्हणून भांडायचे. तुम्ही सगळ्यांना मागता, तुमचं वाक्य सांगा की एखादं."

मास्तरांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. मग इंग्रजी शब्द सोडून साध्या मराठीत म्हणाले, "नातू मांडीवर येऊन बसतो. भडाभडा जपानी बोलतो. मी हं हं करतो. काल काहीतरी विचारलं त्यानं. परत विचारलं. मग उठून गेला."

पुढं त्यांच्या लेकाची ओसाकाला बदली झाली. सामान बांधताना मी लाडू घेऊन गेले आणि त्यांच्या सुनेला म्हटलं, "त्यांच्याशी बोलत जा गं." ती म्हणाली, "काकू, आम्ही घरी येतो तेव्हा बाबा झोपलेले असतात." खोटं नव्हती बोलत बिचारी.

आता बाकावर मी एकटीच बसते. माझं काही नाही. चुलीपुढं गप्प बसायची सवय आहे मला. त्यांना ते जमायचं नाही.

तुम्ही ओसाकाला असाल, आणि एखाद्या बागेत टोपीवाले म्हातारे गृहस्थ येणाऱ्याजाणाऱ्याला अडवताना दिसले, तर थोडं थांबा. त्यांच्याशी मराठीत बोला.