ताईच्या केसांचा गोफ

मेलेनाइतेची थोरली बहीण लाविनिया साखरेच्या आजारानं गेली. आधी पायाचं बोट गेलं, मग पाय, मग ती. दूर समुद्रातल्या हापाईच्या बेटांवर साखरेनं मरणं ही काही बातमी नव्हे. जिथं असं कुणी गेलेलं नाही, ते घर शोधावं लागेल. पण दफन झाल्यावर दवाखान्यातल्या आकेसा नर्सनं मेलेनाइतेचंही रक्त तपासलं आणि तोंडावर सांगितलं, "मावशी, तूही त्याच वाटेला लागली आहेस. वजन उतरव, नाहीतर पुढचा पाय तुझा."

सुतकात कंबरेला जुनी फाटकी चटई गुंडाळायची आणि ती गोफानं बांधायची, अशी तिथली रीत. मेलेनाइतेचा जन्म चटया विणण्यात गेलेला. तिनं बहिणीचे कापून ठेवलेले केस घेतले आणि त्यांचाच गोफ वळला, चांगला दोन वाव लांब; दोन्ही हात पसरले की बोटापासून बोटापर्यंत एक वाव. कंबरेला दोन वेढे घेऊन उरलेलं टोक गुडघ्यापर्यंत लोंबायचं.

तो बांधूनच ती पहाटे देवळापासून धक्क्यापर्यंत चालू लागली. रविवारचं मटण सोडलं, ताटातला अळकुड्यांचा ढीग निम्मा केला. नवरा फोलाऊ तिच्या वाटणीचंही खाऊन तिला आशीर्वाद देऊ लागला.

काटा मात्र ढिम्म हलेना. दर शुक्रवारी दवाखान्यात चटई, गोफ सगळं पडद्यामागे उतरवून ती काट्यावर उभी राही आणि काटा मागच्याच जागी उभा राही. विणायला बसलेल्या बायकांना तर आयतं खाद्य मिळालं.

"अगं, चालून चालून रस्ता झिजला, तू काही झिजली नाहीस!"

"चोरून खात असेल. फोलाऊचं पोट बघा, दोघं मिळून खातात."

मेलेनाइते हसण्यावारी नेई. पण एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. शेवटच्या दिवसांत लाविनियानं तिच्याकडे एकच मागणं मागितलं होतं: अळूच्या पानात बांधून नारळाच्या दुधात शिजवलेलं मटण, एक घास. डॉक्टरांनी बजावलं होतं म्हणून हिनं नाही म्हटलं. लाविनियानं भिंतीकडे तोंड फिरवलं, ते पुन्हा हिच्याकडे वळलं नाही.

आणि आता गोफ वाढत होता.

आधी तिला भास वाटला. पण टोक गुडघ्याखाली उतरलं, मग पोटरीला घासू लागलं. चालताना ते पायावर हलकेच आपटे आणि तिच्या अंगावर काटा येई. इच्छा राहून गेलेलं माणूस जिवंत माणसाला धरून राहतं, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. ताईचे केस वाढताहेत. ताई उपाशी आहे. काट्यावर आपण एकट्या उभ्या राहत नाही, म्हणून तो हलत नाही. गोफ मापून बघायचा धीर तिला होईना. विणणारणीच्या हातांना पहिल्यांदाच दोरीची भीती वाटली.

एका संध्याकाळी ती ताईच्या थडग्यावरची पांढरी वाळू सारखी करत म्हणाली, "ताई, चुकलं माझं. सोड मला." वाऱ्यानं टोक तिच्या पायाला गुंडाळलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं चालणं बंद केलं आणि रविवारी मटणाचं ताट पुढे ओढलं, दोघींच्या वाटणीचं.

मग दवाखान्यात जाऊन म्हणाली, "आकेसा, मी यापुढे येणार नाही. ताईला आवडत नाही." आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

आकेसा हसली नाही. तिनं दार लावून घेतलं. "सोड गोफ. वाव घालून माप."

मेलेनाइतेनं वाव घातली. एक. दुसरी. टोक बरोबर बोटाशी येऊन संपलं. वीतभरही जास्त नाही.

"गोफ होता तेवढाच आहे गं. कंबर उतरली तुझी, म्हणून टोक लांबलं. नव्यानं चालायला लागलं की दुखऱ्या पायांत पाणी धरतं, मांड्या भरतात. चरबी जाते तेवढंच हे येतं. काट्याला त्यातलं काय कळणार? आणखी थोडे दिवस धीर धर, तोही उतरेल."

"म्हणजे केस वाढले नाहीत?"

"नाही."

"ताई नव्हतीच?"

"नव्हती, मावशी."

आता ही सुटकेचा श्वास सोडेल, असं आकेसाला वाटलं. पण दफनाच्या दिवशीही न रडलेली मेलेनाइते गोफ छातीशी धरून हमसाहमशी रडू लागली.

"रागावलेली का होईना, होती ना गं माझ्याजवळ!"

आकेसानं तिला रडू दिलं. मग हळूच विचारलं, "उद्या जाशील चालायला?"

"जाईन," मेलेनाइते म्हणाली. "आता मला अडवायला आहे कोण?"