खुर्च्यांचं वर्तुळ

मला हल्ली एका जागी बसवत नाही. घरचे म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. पूर्वी मी अशी नव्हते. पूर्वी प्लॅस्टिकच्या खुर्चीत तीन-तीन तास ठाण मांडून बसायचे आणि समोरच्यांनाही बसवायचे. ते बसवणंच अंगाशी आलं.

आमचं समुपदेशन केंद्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बस स्टँडच्या मागे एका खोलीत होतं. नवरा-बायकोची, सासू-सुनेची भांडणं तिथे यायची. मी नागपूरहून समाजकार्य शिकून नवीनच लागले होते. शिकून आले होते ते असं, की कुटुंबात कोणी एकटा दोषी नसतो. नवरा ओरडतो म्हणून बायको अबोला धरते, ती अबोला धरते म्हणून तो ओरडतो. सगळं गोल गोल. समुपदेशकाने कोणाची बाजू घ्यायची नाही, ते वर्तुळ तेवढं दाखवून द्यायचं. मला हे इतकं पटलं होतं की मी टेबल भिंतीला सरकवलं आणि खुर्च्या गोलात मांडल्या. इथे सगळे सारखे, हे माझं पहिलं वाक्य असायचं. आमच्या बौद्ध घरात आणि विहारात समतेचे धडे गिरवतच मी वाढले होते, त्यामुळे ते म्हणताना ऊर अगदी भरून यायचा.

एका गुरुवारी नागभीडकडच्या खेड्यातून एक कुटुंब आलं. तलावात मासे धरणारी माणसं. सासरा, नवरा, भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, आणि ती. तक्रार तिची होती. नवरा मारतो. आत आल्या आल्या ती डोक्यावर पदर ओढून दाराजवळ जमिनीवर बसली. आमच्या भागात सून सासऱ्या-भासऱ्यापुढे खुर्चीवर किंवा खाटेवर बसत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच तर मला चेव आला.

"वर बसा. इथे सगळे सारखे," मी म्हटलं.

"नाई जी, मी इथीच बरी."

मी उठले, तिचा दंड धरला आणि भासऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर तिला बसवलं. सासऱ्याने तोंड फिरवलं. ती खुर्चीच्या पार कडेवर बसली, पण बोलली. पोरीच्या शाळेबद्दल कायकाय सांगू लागली, तेव्हा मीच तिला मुद्द्यावर आणलं. नवरा म्हणाला, ही उलटून बोलते, मग माहं डोकं फिरते. शेवटी मी दोघांकडून वचन लिहून घेतलं. त्याने हात उगारायचा नाही, तिने उलट बोलायचं नाही. खाली शेरा मारला, की दोघांच्याही वागण्यामुळे वाद वाढतो. एकेक प्रत दोघांना दिली. जाताना भासऱ्याने मला वाकून नमस्कार केला, तर मी केवढी हुरळून गेले.

पुढच्या गुरुवारी ती काळीपिवळी जीपमधून उतरली तेव्हा डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी.

"तुमच्या खुर्चीवर बसली ना मी," ती म्हणाली. "घरी गेली तं नवरा म्हने, भासऱ्याच्या बाजूले बसते, लई मोठी झाली काय."

आवाज न चढवता ती पुढचं सांगत होती. ती आता पोंभुर्ण्याकडे भावाच्या घरी होती. गावात समाजाची बैठक झाली, त्यात सासरच्यांनी माझा कागद दाखवला. मॅडमनेच लिहिलंय, चूक दोघांची. आता हिने निमूट परत यावं, नाहीतर मुलगी आमच्या हवाली करावी. दुसरी बैठक चार दिवसांवर होती.

"तुमी काय लिवलं ते वाचून दाखवा मले."

मी वाचलं. अर्धं पानही नव्हतं.

"याच्यात मी कुठी हाव?" तिने विचारलं. "मी उलटून बोलली, हे लिवलं. काऊन बोलली, ते नाई लिवलं. पोरीले शाळेतून काढून राह्यले होते, म्हनून बोलली. ते मी सांगतलं होतं तुमाले."

सांगितलं होतंच. मुद्दा तोच होता आणि मी तिला मुद्द्यावर आणत होते! मला माझीच चीड आली, अजूनही येते.

"आन् एक विचारू? तुमी बसता का तुमच्या सासऱ्यापुढं खुर्चीवर?"

मी कपाटात कोरा कागद शोधत राहिले. कागद समोरच होता.

मग आम्ही दोघी जमिनीवर बसलो. ती सांगत गेली, मी लिहीत गेले आणि ओळ न् ओळ वाचून दाखवली. दोन ठिकाणी तिने मला खोडायला लावलं. मी वाद असा शब्द लिहिला होता. "वाद नाई जी, मार," ती म्हणाली. शेवटी मी माझ्या सहीनिशी लिहिलं, की आधीचा शेरा चुकीचा होता. आमच्या वरिष्ठ बाई भडकल्या. आपण बाजू घेत नसतो, म्हणाल्या. मी म्हटलं, पहिल्या कागदातही घेतली होती, फक्त कोणाच्या डोळ्यांवर आली नाही.

बैठकीत तो कागद मोठ्याने वाचला गेला. मुलगी तिच्याकडेच राहिली आणि शाळेत जाते आहे.

पुढे वाचनात आलं, की कुटुंब-समुपदेशनाच्या या शास्त्राशी त्यातल्याच स्त्रीवादी बायांनी याच मुद्द्यावर भांडण मांडलं होतं. गोल काढला की काठी कोणाच्या हातात आहे ते झाकलं जातं, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्यामागून आलेल्या काहींनी तर विचारलं, की दुसऱ्याच्या घराची गोष्ट ठरवणारा समुपदेशक कोण लागून गेला? वाचताना मी सारखी उठत होते. हे सगळं एका बाईने मोडका हात घेऊन मला आधीच सांगितलं होतं.

आमच्या घरी सकाळचा चहा ओसरीवर होतो. सासरे खुर्चीवर असतात, शेजारची खुर्ची रिकामी असते. सासरे निवृत्त शिक्षक, बायकांच्या हक्कांवर सभेत बोलणारे, मला लेकीसारखं वागवणारे. बसू नको असं ते कधी म्हणाले नाहीत, बस असंही नाही. मी बसले तर इथे माझ्या केसालाही कोणी धक्का लावणार नाही. रोज मी त्यांना चहा देते, दाराच्या चौकटीला टेकते आणि माझा कप उभ्यानेच पिते.