खर्जाची जागा

मांजरसुंब्याच्या चौकात फ्लेक्सवर न झळकलेला एकच थोर माणूस मला ठाऊक आहे, आणि तो माझा साडू आहे. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवता चालवता त्यांना मोबाइलवर जुनी अमेरिकन डू-वॉप मंडळी सापडली. एकानं प्रेमाचं गाणं म्हणायचं आणि बाकीच्यांनी वाद्यांऐवजी तोंडानं ‘डूम डूम’ करायचं, एवढाच तो प्रकार. साडूंनी तो दीक्षा घेतल्यासारखा घेतला. “वाद्य म्हंजे बेसूर माणसाची काठी, पाव्हणं,” असं मला सुनावून त्यांनी घरची पेटी भजनी मंडळाला देऊन टाकली.

संच चौघांचा. मुख्य गायक अर्थात साडू. वरच्या पट्टीला गॅरेजवाले रशीदभाई, मधल्या सुराला एक पानटपरीवाला आणि खर्जाला शिरूर कासारचा आसाराम. आसाराम ‘डूम’ म्हणाला की दुकानातले नटबोल्ट हलत. साडू त्याला थंड पाणी पिऊ देत नसत. चौघांचे जांभळे कोट भर मे महिन्यातही उतरत नसत.

पहिला कार्यक्रम चकलांब्याच्या लग्नात झाला. पहिलं कडवं संपायच्या आत मांडववाला वायर घेऊन स्टेजवर चढला. “थांबा दादा, म्युझिक गेलंय.”

“म्युझिक आमीच हाओत,” साडू म्हणाले.

“मंग नीट वाजा की!”

अमेरिकेतले संच म्हणे मानापमानावरून फुटत. आमचा दरवर्षी दिवाळीच्या सुमारास फुटतो, कारण खर्ज ऊस तोडायला जातो. यंदा नेमकं तेव्हाच बीडच्या मोठ्या सभागृहाचं बोलावणं आलं. साडू ज्याची आयुष्यभर वाट पाहत होते, ते हेच. त्यांनी फडावर फोन लावला.

“आण्णा, कोयता टाकून कसं येऊ? दुसरा बघा की.”

“दुसरा बघाया तू काय टायर हायस का बे?”

पोलीस बँडातला एक निवृत्त खर्ज तयार होता. आयोजकांनी समजावलं, रशीदभाईंनी तर हात जोडले. साडू ऐकेनात. शेवटी तिघंच उभे राहिले आणि आसारामचा ‘डूम’ यायचा तिथं तिघंही गप्प राहिले. पुढच्या रांगा आधी हसल्या, मग बुचकळ्यात पडल्या. टाळ्या बेताच्याच झाल्या. पुन्हा बोलावणं येणार नाही, हे आयोजकांच्या नमस्कारावरूनच कळलं.

पायऱ्या उतरताना साडूंनी हळूच विचारलं, “आसाराम आला का वो ऐकू?”

मी हो म्हणालो. ते खोटं होतं, असं मला अजूनही वाटत नाही.