वर्धमानच्या बोटीतलं थंड कपाट

वर्धमान मगदूम माझा साडू. माझी बायको राजमती आणि त्याची बायको रत्नाबाई या सख्ख्या बहिणी, एवढाच आमचा संबंध. तो नसता तर असल्या माणसावर शाई खर्च करायचं मला काही कारण नव्हतं. तोंडावर मी त्याला अण्णा म्हणत असे. इथं तेवढा मान द्यायची गरज नाही.

माणूस वाईट नव्हता, असं लोक अजून म्हणतात. नव्हताच. वाईट व्हायला थोडी तरी अक्कल लागते. कोल्हापुरात शाहूपुरीत त्याची गुळाची अडत होती, शिरोळच्या शिवारात अगदी कृष्णेकाठी वडिलांनी ठेवलेला ऊस आणि गुऱ्हाळ होतं, त्यामुळं अकलेवाचून त्याचं कधी अडलं नाही. त्याला एक खोड होती. कुठलीही वस्तू नुसती काढून टाकणं म्हणून त्याला जमत नसे. काढली की त्या जागी तिच्याहून मोठी आणून बसवायची. दुकानातलं जुनं घड्याळ बंद पडलं तेव्हा त्यानं टोल्यांचं असलं दांडगं घड्याळ आणलं, की टोले पडायला लागले की गिऱ्हाइकाला सौदा थांबवावा लागे. पुढचा दात पडला तर सोन्याचा बसवला, आणि तेव्हापासून कारण नसताना हसायला लागला. स्वयंपाकघराची कुजकी खिडकी काढून तिथं दार लावलं, ते उघडलं की थेट चुलीवर आपटायचं. रत्नाबाईंनी त्याला अडसर घातला तो कायमचाच. त्या बोलत नसत. बोलून उपयोग नाही हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं असावं.

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. राधानगरीच्या तलावावर एका गोऱ्या साहेबाची जुनी लाँच पडून होती. आत बसायला केबिन, वर लाकडी छप्पर, मागं इंजिन. साहेब विलायतेला गेला आणि लाँच लिलावात निघाली. आमच्या या शहाण्यानं ती घेतली. स्वतःला पोहता येत नाही, इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण मालट्रकवर घालून, वाटेत प्रत्येक गावात थांबून लोकांना दाखवत दाखवत त्यानं ती शिरोळला आणली आणि गुऱ्हाळाखाली नदीला बांधली.

सांगायला कारण होतं रत्नाबाईंच्या माहेराचं. माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना माई म्हणायचो, नदीपलीकडच्या गावात राहायच्या. उन्हाळ्यात नावेतून सहज जाता येई. आषाढात पाणी चढलं की नाव बंद. सांगलीच्या पुलावरून वळसा घालावा तर पलीकडची काळी वाट बैलगाडीची चाकं गिळून बसायची. म्हणजे रत्नाबाई कोल्हापूरहून शिरोळला राहायला आल्या तरी गौरी-गणपतीपर्यंत त्यांना समोरच्या काठावरची झाडं दिसायची आणि आई दिसायची नाही. त्या वर्षी तर माईंनी अंथरूणच धरलेलं. दिवाळीनंतर त्यांना उठून बसणंही होईना. हा पावसाळा निघेल की नाही याची सगळ्यांनाच धास्ती होती. रत्नाबाईंचं एकच मागणं होतं, पाणी आलं तरी आईकडं पोहोचता यावं.

आणि खरं सांगायचं तर त्या लाँचमुळं ते होण्यासारखं होतं. एका भोयाला इंजिन चालवायला शिकवलं होतं, त्यानं दोनदा पलीकडं नेऊनही आणली. रत्नाबाई पहिल्यांदा लाँचवर चढल्या तेव्हा मी काठावर उभा होतो. त्या केबिनच्या दारात गेल्या, आत वाकल्या, आणि पदर नाकाला लावून तशाच माघारी आल्या.

आत साहेबाची बर्फाची पेटी होती. सागवानी, आतून जस्ताचा पत्रा मारलेली, माणूस आडवा झोपेल एवढी. साहेब त्यात मासे आणि बदकं ठेवायचा, वर बाटल्या. पाच-सहा वर्षं ती उघडली नसली तरी वास होता तिथंच होता. आमच्या जैनांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कोणी ओठाला लावत नाही, दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही. तिथं ती बाई त्या पेटीला गुडघे लावून कशी बसणार?

"अवो, ती पेटी तेवढी काढा," रत्नाबाई म्हणाल्या. "उद्या काढा, परवा मी बसते."

एवढंच त्यांचं म्हणणं. पेटी काढा. एखाद्या पोराला सांगितलं असतं तरी कळलं असतं.

वर्धमाननं मान डोलावली, सोन्याचा दात दाखवला आणि मुंबईला माणूस पाठवला. का, तर पेटीच्या जागी फ्रीज आणायला! रॉकेलवर चालणारं ते थंड कपाट होतं. खाली चिमणीसारखी ज्योत जळते आणि वर गारवा होतो, हे मला त्यानं इतक्या वेळा समजावलं, की जणू ते यंत्र त्याच्याच आजोबांनी शोधलं होतं.

"अण्णा, पेटी काढायचीय ना? मग काढा की. फ्रीज कशाला?" मी विचारलं.

"मास्तर, जागा मोकळी दिसंल की हो! बायकोला मोकळ्या बोटीतनं माहेरी धाडू? लोक काय म्हंतील?"

लोक काही म्हणणार नव्हते. लोकांना आपापली कामं असतात. पण वर्धमानच्या डोक्यात कायम एक काठ भरून लोक उभे असायचे आणि ते सगळे त्याच्याकडंच बघत असायचे.

फ्रीज आला तो वैशाखात. भिंतीएवढा, पांढराधोट, वजनाला मरणाचा. गुऱ्हाळावरचा बाळासो आणि त्याचे गडी त्याला दोर बांधून लाँचवर घेऊन आले आणि केबिनच्या दाराशी थांबले. फ्रीज दारातून जाईना. दार मोजायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. बरं, जुनी पेटीही बाहेर येईना, कारण आधी पेटी ठेवून मग तिच्याभोवती केबिन बांधली होती. पेटीचं सोपं होतं. गुंडू सुतारानं ती आतल्या आत फोडली, फळ्या बाहेर काढल्या, केबिन राखेनं घासून गरम पाण्यानं धुतली. दुपारपर्यंत लाँच स्वच्छ, कोरडी, रिकामी. रत्नाबाईंनी मागितली होती तशी.

मी पुन्हा म्हणालो, "अण्णा, झालं काम. आजच घेऊन जावा त्यांना. पाऊस अजून लांब आहे. माईंना भेटवून आणा, नाहीतर तिकडंच ठेवा चार महिने."

"आता? फ्रीज काठावर ठेवून?" माझंच डोकं फिरलंय अशा नजरेनं तो माझ्याकडं बघत राहिला.

मग त्यानं छप्पर कापलं. चांगलं शाबूत, साहेबाच्या वेळचं सागवानी छप्पर करवतीनं कापून काढलं, फ्रीज वरून आत सोडला आणि नवीन छप्पर मारून, वर पत्रा ठोकून, सांधे डांबरानं बंद केले. गुंडूनं जुन्या फळ्या घरी नेल्या आणि वर्धमानला मुलखाचा शहाणा मालक म्हणून वाखाणलं. यात महिना गेला. तोवर वळीव पडून गेला, नदीचं पाणी गढूळ झालं, आणि लाँच एका अंगाला कलली. पेटीपेक्षा फ्रीज कितीतरी जड होता आणि तो त्याच बाजूला, भिंतीला धरून बसवलेला. बसलेल्या म्हशीसारखी ती लाँच दिसायची. असल्या फ्रीजला सपाट जागा लागते म्हणे. कललेल्या बोटीत तो धड गारही होईना. पण ज्योत मात्र रात्रंदिवस जळत ठेवली होती, कारण उद्घाटनाला बायको यायची होती.

रत्नाबाई सकाळी देवदर्शन करून आल्या. वर्धमाननं झोकात फ्रीजचं दार उघडलं. आत दुधाचं पातेलं आणि पुरणपोळ्यांची चळत.

"ह्यात काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"करायचं काय! काल रांधलेलं आज खायचं. उद्याबी खायचं. चार दिवस काय हुत न्हाय त्याला!"

रत्नाबाईंच्या घरात काल रांधलेलं आज कुणी खात नसे. पाण्यालाही त्यांच्याकडं वेळेची मर्यादा होती. हे पंगतीला एकदा जेवलेल्या पाहुण्यालाही माहीत होतं. नवऱ्याला इतकी वर्षं त्यांच्या हातचं खाऊन माहीत नव्हतं. त्या खाली बघत होत्या. वळवानंतर पाखरं उठतात, ती रात्रभर त्या ज्योतीवर येऊन पडली होती. फ्रीजच्या पायाशी पंखांचा आणि जळक्या किड्यांचा थर साचला होता. चातुर्मासात ही बाई किडे मरतील म्हणून देवापुढचा दिवासुद्धा झाकून ठेवायची.

त्यांनी खाली वाकून ज्योत फुंकून विझवली.

"मासं ठेवल्यालं बरं हुतं," त्या म्हणाल्या. "ती एकदाच मेल्ती. ह्यो पांढरा डबा काढा. मी येते."

दुसऱ्यांदा तेच मागणं. वर्धमान तोंड पाडून बसला. हा डबा काढून तिथं काय बसवावं याचा तो विचार करत असणार, अशी माझी खात्री आहे.

तेवढ्यात पाऊस लागला. आषाढ सुरू होताच नदी फुगली, नाव बंद झाली, आणि पलीकडून एक पोहणारा गडी निरोप घेऊन आला. माईंचं काही खरं नाही. थोरलीचं, रत्नाबाईंचं नाव घेतात.

मी राजमतीला घेऊन शिरोळला पोहोचलो तेव्हा रत्नाबाई कपड्यांचं गाठोडं घेऊन काठावर उभ्या होत्या. भोई लाँचमध्ये एक पाय टाकून बाहेर आला. "मालक, ही अशी कलल्याली घेऊन धारंत जायचं न्हाय. ह्यो फ्रीज उतरवा, लगेच न्हेतो."

"उतरवायचा कसा? वर छप्पर हाय की!" वर्धमान म्हणाला.

"फोडा," रत्नाबाई म्हणाल्या.

"काय फोडा?"

"छप्पर फोडा, न्हायतर फ्रीज फोडा. गुंडूनं पेटी फोडली तसा. तुकडं करून टाका नदीत. माझी आई चाललीया."

बाळासो कुऱ्हाड घेऊन पुढं झाला. वर्धमान केबिनच्या दारात आडवा उभा राहिला. दोन्ही हात चौकटीला लावून. मी त्या माणसाला पुष्कळ वेळा मूर्ख ठरलेला पाहिला होता, पण तेव्हा पाहिला तसा कधीच नाही. "मुंबईचा माल हाय," तो म्हणत होता. "नवं छप्पर हाय. पाणी उतरंल दोन दिवसांत. जरा दम धर की."

रत्नाबाईंनी त्याच्याकडं नीट पाहून घेतलं. मग बाळासोला म्हणाल्या, "कायल काढ."

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, चार माणसं मांडी घालून बसतील अशी. आमच्याकडं पुराच्या वेळी लोक तीच पाण्यात सोडतात आणि पट्टीचे पोहणारे तिला कडांना धरून ढकलत नेतात. गुऱ्हाळ बंद असल्यामुळं ती रिकामीच पडली होती. रत्नाबाई आणि राजमती दोघी तिच्यात मधोमध बसल्या, गाळलेल्या पाण्याची कळशी मांडीत घेतली. बाळासो आणि तीन गडी पाण्यात उतरले. काहील गरकन फिरली आणि धारेला लागली. रत्नाबाईंनी मागं वळून पाहिलं नाही.

वर्धमान लाँचवरूनच ओरडला, "बाळासो, कायल परत आण रं! हंगामाला लागंल!"

ती पोहोचली. बरीच खाली वाहत जाऊन, पण पोहोचली. माई आणखी आठवडाभर होत्या आणि थोरल्या लेकीच्या हातचं पाणी पिऊन गेल्या. पुढं गौरी-गणपतीला रत्नाबाई परत आल्या, तेव्हा आम्ही शाहूपुरीच्या घरी त्यांना भेटायला गेलो.

वर्धमाननं विचारलं, "माईंनी माझी आठवण काढली का गं?"

"काढली. जावयाच्या बोटीतनं आलीस का म्हणून विचारलं."

"मग?"

"व्हय म्हणून सांगितलं."

मी राजमतीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. मरणाऱ्या आईच्या मनात जावयाबद्दल वाईट राहू नये म्हणून ही बाई खोटं बोलली होती. आयुष्यात पहिल्यांदा असणार. कुठल्याही नवऱ्याला ते ऐकून जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं असतं.

वर्धमानचा चेहरा खुलला. "बरं केलंस," तो म्हणाला. आणि त्याच संध्याकाळी, अडतीवर आलेल्या एका व्यापाऱ्याला तो माझ्यादेखत सांगत होता, "आमच्या सासूबाईंच्या शेवटच्या टायमाला आमची बोटच उपयोगाला आली बगा. न्हायतर लेकीची गाठ पडत नव्हती." पुढं तो हे जन्मभर सांगत राहिला. माझी खात्री आहे, मरेपर्यंत त्याला ते खरंच वाटत होतं. इतका तिटकारा मला दुसऱ्या कुठल्याही माणसाचा आलेला नाही.

त्या संध्याकाळी व्यापाऱ्यानं अडतीमागच्या घरात डोकावून रत्नाबाईंना विचारलं, "व्हय का वैनी?"

त्या परसात आडावर पाणी गाळत होत्या. गाळून झाल्यावर फडक्यात राहिलेले जीव मरू नयेत म्हणून आमच्यात फडकं विसळून ते पुन्हा आडातच सोडायची रीत आहे. त्यांनी तसे ते सोडले, फडकं पिळून दोरीवर टाकलं, आणि म्हणाल्या, "चहा घेऊन जावा, पावणं."