मांजरपाटावरचा भाव

बोटीचा भोंगा ऐकू आला की माझे वडील पडवीत येरझारा घालू लागत. भोंगा वाजल्यापासून मुंबईचं वर्तमानपत्र हातात पडेपर्यंत बराच वेळ जाई. बोट बंदरात लांबवर उभी राही, किनाऱ्यावरून होड्या, पडाव जाऊन टपालाच्या थैल्या घेऊन येत, मग पोस्टात त्यांची वाटणी होई. हे सगळं त्यांना माहीत होतं. तरी खांबाला हात लावून वळताना ते दर वेळी विचारीत, "आला काय गो पोस्टमन?"

ते कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झाले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढले होते. दाराचा उजेड त्यांना कळे, समोर माणूस उभं आहे हे कळे. माणूस कोण ते आवाजावरून ओळखायचं. मी तेव्हा रत्नागिरीतच मुलींच्या शाळेत शिकवीत होते. शाळेतून आले की पाय धुवायच्या आधी वर्तमानपत्र उघडायचं. बाकी जगात काय चाललंय ते नंतर. आधी शेअरबाजाराचं पान, त्यात गिरण्यांचा रकाना आणि त्या रकान्यात आमची एकच गिरणी.

मोठी लढाई संपल्यावर मुंबईत गिरण्यांच्या शेअरांना फार तेजी आली होती. माझे काका मुंबईला कचेरीत होते. त्यांच्या सांगण्यावरून वडिलांनी साठवलेल्या पैशांतून एका गिरणीचे शेअर घेतले. पुढे थोड्याच दिवसांत त्यांचा भाव असा चढला की काकांनी पत्र पाठवून विचारलं, विकू का? वडिलांनी कळवलं, थांब. मग भाव उतरला, आणि माझं सगळं शिक्षण होऊन मला नोकरी लागेपर्यंत तो उतरलेलाच होता. तेजीतला तो आकडा आमच्या घरात कुणी मोठ्याने म्हणत नसे, पण सगळ्यांना पाठ होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की मोतीबिंदू पिकलाय, मिरजेला जाऊन काढून घ्या. पेन्शनीत आणि माझ्या पगारात घर कसंबसं चाले, पण मिरजेचा प्रवास, ऑपरेशन आणि तिथलं राहणं भागत नव्हतं. आईचं म्हणणं सरळ होतं.

"अहो, ते कागद विका आणि डोळे करून घ्या."

"आज विकले तर निम्मेसुद्धा हाती येणार नाहीत. तो भाव परत येऊ दे. मग जाऊ."

"आणि नाहीच आला तर?"

"एकदा आला होता ना?"

यावर आई उठून आत जाई. तीही मग उगीच आतबाहेर करी, घासलेली भांडी पुन्हा घाशी. आमच्या घरात त्या दिवसांत कुणी एका जागी बसत नसे.

पावसाळ्यात बोटी बंद होत आणि टपाल घाटावरून येई. दरड कोसळली की दोन-तीन दिवसांचे अंक एकदम मिळत, ओलसर, एकमेकांना चिकटलेले. एकदा असाच गठ्ठा आला. वरचा अंक उघडून मी भाव वाचला, मग खालचा. खालच्यात भाव बराच वर होता. वडिलांचा चेहरा उजळला. "चढतोय," ते म्हणाले, "काकाला लिही, लक्ष ठेव म्हणावं." मी दौत घ्यायला उठले तेव्हा अंकाची तारीख नीट दिसली. खालचा अंक आधीचा होता. भाव चढला नव्हता, पडला होता. मी तसं सांगितलं. ते जेवायला बसले आणि अर्ध्यावरून उठले.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्यांच्यापाशी दोनच आकडे आहेत. एक आजचा आणि एक तो जुना. मधल्या वर्षांत भाव कसकसा गेला ते त्यांना सलग आठवत नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही नव्हतं.

वाचनालयात मुंबईच्या वर्तमानपत्रांचे जुने गठ्ठे बांधून ठेवलेले असत. बायका तिथे बसून वाचत नसत, पण मी शिक्षिका म्हणून ग्रंथपालांनी मागच्या खोलीत बसू दिलं. रविवारी मी तिथे जाई आणि प्रत्येक महिन्याच्या अखेरचा भाव उतरवून घेई. कुठे वाळवी लागलेली, कुठे पान फाटलेलं. बोटं काळी होत. कसलातरी शोध लागणार असल्यासारखी मी पानं भराभर उलटत असे, आणि मग भीतीही वाटे की काय निघेल कोण जाणे.

निघालं ते असं. दर वर्षी ठरावीक दिवसांत भाव एकदम थोडा खाली येई आणि आमच्या घरात रडकुंडीला येण्याची वेळ येई. त्याच दिवसांत भावापुढे बारीक अक्षरात 'डिव्हिडंड सोडून' असं छापलेलं असे. डिव्हिडंड, म्हणजे गिरणीच्या नफ्यातला वर्षाचा वाटा, आधीच्या मालकाच्या पदरात पडलेला, म्हणून नवा घेणारा तेवढे पैसे कमी देणार. यात घाबरण्यासारखं काही नव्हतंच. पुढेपुढे मात्र ती अक्षरं दिसेनाशी झाली, कारण गिरणीने डिव्हिडंड देणंच बंद केलं होतं; तो काकांच्या हातून येई, त्यामुळे घरी हे कधी नीट कळलं नव्हतं. आणि कितीतरी महिन्यांत भावाच्या जागी नुसती रेघ होती. रेघ म्हणजे त्या दिवशी सौदाच झालेला नाही.

घरी येऊन मी हे सगळं वाचून दाखवलं. वडील शांतपणे ऐकत होते, पण तो तेजीचा आकडा आला तसा त्यांनी मला थांबवलं. "पाहिलंस? आला होता की नाही?" पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. आकड्यांची यादी कानांनी ऐकून कुणाला काय कळणार? शाळेतल्यासारखा आलेख काढून दाखवता आला असता, पण वडिलांना तो दिसणार कसा?

आईकडे मांजरपाटाचा लांब तुकडा होता. तो मी मागितला. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, आडवे महिने, उभा भाव, आणि गोधडीच्या जाड दोऱ्याने महिन्यामागून महिना शिवत गेले. डिव्हिडंडाच्या जागी गाठ मारली. सौदा झाला नव्हता तिथे दोरा तोडून जागा कोरी ठेवली. आई शेजारी बसून सुईत दोरा ओवून देई. "हे काय चाललंय तुझं?" असं तिने एकदाच विचारलं, आणि मी सांगितल्यावर ती म्हणाली, "मग टाके घट्ट घाल. त्यांचं बोट अडकायला नको."

एका दुपारी पडवीत तो कपडा पाटावर ताणून मी वडिलांचं बोट पहिल्या टाक्यावर ठेवलं.

"इथे तुम्ही शेअर घेतलेत."

बोट सरकलं, वर चढलं. चढणीवर त्यांचा श्वास जरा वाढला. टोकाला पोचले आणि लगेच उताराला लागले. ते थांबले, मागे आले, पुन्हा टोक चाचपलं.

"हे एवढंच?"

"एवढंच. उन्हाळ्यात चढला तो दिवाळीपर्यंत उतरला."

"मला वाटत होतं, चांगला वर्षभर तरी होता."

मग ते पुढे निघाले. उरलेला कपडा लांब होता. दोरा खाली खाली जात होता, मध्येच थोडा उचलत होता आणि पुन्हा बसत होता. गाठींचा अर्थ त्यांनी विचारला, मी सांगितला. "आणि आता गाठी का लागत नाहीत?" त्याचंही कारण सांगितलं. शेवटी त्यांचं बोट कोऱ्या जागी आलं.

"इथे दोरा सुटला काय गो?"

"नाही. तिथे कुणी घेतलाच नाही, बाबा. भाव नाहीच त्या दिवशी."

"म्हणजे मी विकायला निघालो असतो तरी…"

"घेणारा नव्हता."

त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला. तोंड अंगणाकडे फिरवलं. मला वाटलं, दुखावले. आईने आतून पाणी आणून दिलं ते प्यायले आणि म्हणाले, "काकाला लिही. अर्धे विक म्हणावं, मिळेल त्या भावाने. अर्धे असू देत."

"सगळेच विका की," आई म्हणाली.

"अर्धे म्हटलं ना."

पत्र गेलं आणि येरझारा पुन्हा सुरू झाल्या, आता काकांच्या उत्तरासाठी. त्या काळात भाव थोडा घसरला आणि वडील मला रागावले, आईला रागावले, पावसाला रागावले. काकांचं उत्तर आलं तेव्हा कळलं की वर्तमानपत्रातल्या भावापेक्षाही थोडं कमीच मिळालं. तेवढं देणाराही एकच जण निघाला, आणि दलालाने त्याची वाट दोन आठवडे पाहिली होती. तरी मिरजेपुरते पैसे झाले.

दसरा झाल्यावर आम्ही तिघं मोटारीने आंबा घाटातून कोल्हापूरला आणि तिथून आगगाडीने मिरजेला गेलो. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून जाड चष्मा लावला तेव्हा त्यांनी आधी आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू इतकी वाळलीस, मला कुणी सांगितलं नाही." आईने पदर सारखा केला आणि औषधाची बाटली शोधायला लागली. बाटली तिच्या हातातच होती.

पुढे काही वर्षांनी गिरण्यांचे भाव वाढले. जुन्या टोकाजवळपास कुठेच नाही, पण आम्ही विकलं होतं त्यापेक्षा पुष्कळ वर. आता वर्तमानपत्र ते स्वतः वाचत. एक दिवस त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. "सगळे ठेवले असते तर?" मी म्हटलं, "तर हे मी वाचून दाखवलं असतं." ते हसले नाहीत, पण पानही पुन्हा पुढे केलं नाही. उरलेले शेअर त्यांनी त्याच वर्षी विकले. भाव त्यानंतरही चढला. काही दिवस ते बंदरापर्यंत फेऱ्या मारीत, चिडचिड करीत, आणि हळूहळू त्यांचं ते पान वाचणं सुटलं.

माझं लग्न होऊन मी लांज्याला गेले. तिथे मुंबईचं वर्तमानपत्र एक दिवस उशिरा, मोटारीने येई. आमच्या घरात कुणाचा एकही शेअर नव्हता. तरी मोटारीची वेळ झाली की माझा कामात जीव लागत नसे. पीठ मळताना कान रस्त्याकडे असत. अंक हातात आला की मी आधी ते पान उघडी, गिरणीचं नाव शोधी आणि कालच्यापेक्षा वर आहे की खाली ते पाही. यजमान विचारीत, "काय पाहतेस?" मी म्हणे, "काही नाही," आणि पान उलटी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.