ताकदीची गोळी

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणे पुसट झाली. सायखेड्याच्या बाजूचे ते एक प्रकरण मात्र जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहे.

सकाळी नाशिकच्या एका रुग्णालयातून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. एक गरोदर स्त्री बेशुद्धावस्थेत दाखल होती, रक्तदाब वर येत नव्हता. नातेवाइकांनी आणलेल्या पुडीतल्या पांढऱ्या गोळ्यांवर ना नाव होते, ना कंपनी. "हे काय आहे ते शोधा. अंदाजाने उपचार किती वेळ करू?" डॉक्टर म्हणाल्या.

ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगून मी निघालो. द्राक्षबागेत मजुरी करणारी सासू रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसली होती.

"गोळ्या कुठून आल्या?"

"गावातल्या शिबिरात मला दिल्या. ताकदीच्या हायेत म्हनले."

"मग सुनेला कशा?"

"मी म्हातारी ताकद घेऊन काय करू? तिच्या पोटात जीव हाय. तुमच्या घरी काय सासूच खाती का, साहेब?"

शिबिर एका औषध-संशोधकाने भरवले होते; त्यासाठी सभामंडप घेताना त्याने सरपंचांना मोबाइल नंबर दिला होता. त्यावरून पथकाने त्याला नाशिक रोडच्या फ्लॅटमधून ठाण्यात आणले. सराईत गुन्हेगार आधी ओळख नाकारतो. हा आधी नियम सांगू लागला.

"ही बाई आमच्या संशोधनात नाही. गरोदर बायका आम्ही घेतल्याच नाहीत."

"गोळीत काय आहे?"

"वकील आल्याशिवाय बोलणार नाही."

कायद्याने त्याला तेवढी मुभा होती. मी चौकशी थांबवली, डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू करून तो टेबलावर ठेवला.

"तिचा श्वास मंदावतोय," डॉक्टरांचा आवाज आला. "तुमच्या केसशी मला देणंघेणं नाही. फक्त औषधाचं नाव सांगा."

पलीकडून यंत्राचा आवाज येत होता. अखेर त्याने नाव सांगितले, मात्राही सांगितली. रक्तदाब उतरवणारे नवे औषध होते. त्याची चाचणी चालू होती. गिळणाऱ्यांनाच ते माहीत नव्हते.

वकील आल्यावर मी पुन्हा विचारले, "बायांना खरं का सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर बाया आल्या नसत्या, संमतीच्या कागदावर सह्याही केल्या नसत्या."

"एथिक्स कमिटीची मंजुरी?"

"महिने जातात, साहेब. शिवाय त्यात एक बाहेरचा, डॉक्टर नसलेला माणूस बसवतात. गोळी घरी नेल्यावर कोण खाईल, असलं काहीही विचारतो."

माणसांवरची चाचणी योग्य आहे का ते आधी तपासणारी अशी समिती म्हणजे आणखी एक शिक्का, असे तोवर मलाही वाटे. फसवून घेतलेली सही संमती ठरत नाही, हे आम्ही फसवणुकीच्या गुन्ह्यांत रोज पाहतो. पण इथे प्रत्येक बाईने घरी नेलेल्या गोळीमागे आणखी एक माणूस होता, आणि त्याचा विचार करायला कोणी बसलेच नव्हते.

सून वाचली. बाळ वाचले नाही.

जबाब घेताना सासू म्हणाली, "लिहा, गोळी मीच दिली."

गुन्हा तुमच्यावर नाही, असे मी समजावले. तिने नकारार्थी मान हलवली.

"मला खरं सांगितलं असतं, तर म्या दिली असती का?"

ते वाक्य मी तिच्याच शब्दांत जबाबात घेतले.